नेहमीच्या गाडीचं रिकामं वजन

मंडळी, वजन या विषयात मला कुणी काही शिकवायला येऊ नये! माझी अख्खी नोकरी कारखान्याच्या फाटकावर, ट्रक मोजायच्या काट्यावर झाली. ट्रक नुसता वळणावर दिसला की टायरच्या फुगवट्यावरून मी आतला माल सांगायचो. आणि माल मोजतात कसा? भरलेली गाडी काट्यावर घ्यायची. माल उतरला की तीच गाडी रिकामी घ्यायची. पहिल्यातून दुसरं वजा. उरला तो माल! गाडी कितीही चकचकीत असो, ती मालात धरत नाहीत.

ड्रायव्हर लोक महा बेरकी. भरलेल्या गाडीत क्लीनरला बसवून आणायचे आणि रिकाम्या गाडीच्या वेळी त्याला चहाला पिटाळायचे. म्हणजे क्लीनर मालात जमा! मी खिडकीतून ओरडायचो, "अरे, तुझा अर्धा माल तिकडं टपरीवर बिस्किट बुडवतोय, त्याला आधी बोलव!"

नेहमीच्या गाड्यांचं मात्र वेगळं. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, रोजची फेरी. तिचं रिकामं वजन एकदा करून ठेवायचं आणि पुढं दर फेरीला तेच वजा करायचं. रोज रोज कोण रिकामी मोजत बसतो? ही आमच्या काट्याची रीत. ती जरा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या कीर्तनकार बुवांनी तर एकदा भर कीर्तनात सांगितलं होतं, "देवानं आपल्याला काय दिलं हे मोजायचंय ना? मग आधी त्यातून 'मी' वजा करा. उरेल ते त्याचं!" लोक नुसतेच माना डोलवत होते. मी मात्र उठून उभा राहायचा बाकी होतो. बुवांना काटा कळत होता!

तर अशा या माझ्या घरी नात आली.

दवाखाना आमच्या घराजवळ, म्हणून लेक बाळंत होऊन सरळ आमच्याकडंच आली. नात जन्मली ती तीन किलोची. डॉक्टरबाई म्हणाल्या, झकास. पण आमच्या विहीणबाईंनी दुपट्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तीनच?"

जणू भाजीवाल्यानं मापात मारलं होतं!

"विहीणबाई, तीन पुष्कळ झालं," आमची ही म्हणाली.

"आमच्याकडं एवढं बारीक कुणी नसतं. हे बघा, महिनाभर ठेवा इथं. शेवटच्या रविवारी मी येते. अंग धरलेलं दिसलं तर ठीक, नाहीतर मायलेकींना मी आमच्याकडं घेऊन जाणार. मग तिला खायला घालणं माझ्यावर सोडा!"

पोरगी चार दिवसांत माझ्या खांद्यावर झोपायला शिकली होती. तिला उचलून नेणार? वजनाच्या कारणावरून? माझ्या घरातून?

मी म्हणालो, "विहीणबाई, निश्चिंत जा. रोज सकाळी वजन करून तुम्हाला कळवतो. कारखान्यातलं वजन आहे हे, तोळामासा इकडचा तिकडं होणार नाही!"

दुसऱ्याच दिवशी माणसांचा काटा आणला. काचेचा, चपटा, वर उभं राहिलं की आकडा उजळतो तसला. बाळ त्यावर उभं राहणार नव्हतं, हे उघड आहे. पण मी कशाला होतो? मी गाडी, बाळ माल! मी रिकामा चढलो, एकाहत्तर. बाळाला घेऊन चढलो, चौऱ्याहत्तर. उरले तीन. दवाखान्याशी तंतोतंत!

"पाहिलंस?" मी हिला म्हणालो.

"पाहिलं. आता उतरा, ती घाबरलीय."

मंडळी, मी चोख माणूस. फरशी सपाट आहे ना, हे गोटी सोडून पाहिलं. दर सकाळी तोच पायजमा, तोच सदरा. चष्मा काढायचा, किल्ल्या काढायच्या. बाळाचं झबलं, टोपी, मोजे आणि कोरडा लंगोट मी स्वयंपाकघरातल्या पिठाच्या काट्यावर वेगळे मोजले आणि तेही वजा केले. एकदा लंगोट ओला निघाला, तर मी वजन थांबवलं. "ओला माल कारखाना घेत नाही!"

"अहो, त्या काट्यावर मी कणीक मोजते!" ही किंचाळली.

"मग पुसून घे."

"काटा पुसू की तुम्हाला?"

शास्त्रीय कामात घरच्यांची साथ कधी मिळत नाही. असो.

इकडं विहीणबाईंनी लेकीसाठी डबा पाठवला. लोणी, साखर आणि सुकामेवा घालून थापलेल्या वड्या. एकेक वडी म्हणजे पायरीचा दगड! सोबत निरोप, "रोज दोन खायच्या, बाळाच्या अंगी लागेल." लेकीनं एक चावली आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, मला गोड बघवत नाही हो सध्या. तुम्ही संपवा ना. पण सासूबाईंना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना."

लेकीचा शब्द मी आयुष्यात मोडलेला नाही. सकाळी दोन, दुपारी दोन, आणि संध्याकाळी डबा उघडा राहिला तर हवा लागून खराब होऊ नये म्हणून आणखी दोन!

आणि बघता बघता चमत्कार झाला. आठवड्याभरात नात साडेतीन किलो! पुढं चार! मी रोज सकाळी काट्यावरून उतरलो की थेट फोनकडं. तिकडं विहीणबाई तयारच असायच्या.

"किती?"

"चार दोनशे!"

"काय सांगता!"

"काटा सांगतोय, विहीणबाई, मी कोण सांगणारा?"

लेकीला मात्र कौतुकच नाही. "बाबा, ही टोपी अजून हिच्या नाकावर येतेय. वजन वाढलं तर दिसतं कुठं?"

"भरीव आहे ती. काही गाड्या दिसायला लहान असतात, पण चाकं बघ जमिनीत रुततात!"

"बाबा, ही गाडी नाहीये!"

आमच्या हिनं एकदाच, भाकरी उलटवावी तसं माझ्याकडं बघून म्हटलं, "पायजम्याची नाडी हल्ली पुरत नाही वाटतं तुम्हाला?"

"धुऊन आटली असेल."

"नाडी आटते?"

मी उठलो. माझी फोनची वेळ झाली होती.

नातीनं चार नऊशे गाठले त्या दिवशी विहीणबाईंना फोनवरच गहिवरून आलं. "माझ्याच वड्यांचा गुण हो, व्याहीबुवा! आता दुसरा डबा पाठवते, लोणी जरा जास्त घालून!"

तो डबा त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी आला. लोणी खरंच जास्त होतं. शुक्रवारी माझं पोट बिघडलं. बिघडलं म्हणजे काय सांगू! सज्जन माणसानं त्याचं वर्णन करू नये. शुक्रवार सगळा मी घरातल्या एकाच दाराची कडी लावण्यात आणि काढण्यात घालवला. शनिवारी साखर-मिठाचं पाणी पीत भिंतीला टेकून पडलो. वजन वगैरे कसलं, स्वतःची मान उचलवत नव्हती.

आणि रविवारी सकाळी बेल वाजली. दारात विहीणबाई. मागं जावई, त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या. विहीणबाईंनी आत येता येताच एक लोकरीचा झगा बाहेर काढला.

"पाच किलोच्या बाळाच्या मापानं विणलाय. आणा बघू माझं गुबगुबीत बाळ!"

लेकीनं बाळ आणलं. झगा घातला. आणि मंडळी, बाळ नाहीसं झालं! बाहीतून हात दिसेना, गळ्यातून डोकं दिसेना. नुसता झगा लेकीच्या मांडीवर पडून रडत होता.

विहीणबाईंनी गळ्यातून आत वाकून पाहिलं. मग हळूच मान वर केली. "व्याहीबुवा, तुम्ही रोज फोन करून सांगत होतात ते बाळ कुठंय?"

"हेच ते."

"हे पाच किलो?"

"चार नऊशे."

"माझ्या डोळ्यांना दिसतंय ना मला! तुम्ही मला गोड बोलून फसवलंत. नातीला ठेवून घ्यायला खोटे आकडे सांगितलेत!"

खोटे आकडे! मला! चाळीस टनांचे ट्रक माझ्या शब्दावर आत-बाहेर जात होते हो! माझ्या अंगात ताकद नव्हती, तरी मी उठलो. "आणा तो काटा इकडं. सगळ्यांच्या देखत मोजतो!"

"अहो, तुम्ही अजून धड उभे राहत नाही आहात," ही म्हणाली.

"गाडी उभी राहायला कसली ताकद लागते?"

काटा दिवाणखान्याच्या मध्यभागी मांडला. चष्मा काढला, किल्ल्या काढल्या. गोटी सोडली. झबलं, टोपी, मोजे, लंगोट मोजून घेतले. जावई आकडा वाचायला गुडघ्यावर बसला. मी बाळाला छातीशी धरून चढलो. जावयानं वाचलं. मी कपडे वजा केले, एकाहत्तर वजा केले.

उरले तीन तीनशे.

मी पुन्हा वजाबाकी केली. तीन तीनशे. बोटांवर केली. तीन तीनशेच!

"किती?" विहीणबाईंनी विचारलं.

"तीन..." मी पुन्हा बोटं मोजली. "तीन तीनशे."

"गुरुवारी चार नऊशे होतं ना?"

"होतं."

"मग माझ्या नातीचं दीड किलो गेलं कुठं?" विहीणबाईंनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. लेकीनं बाळ माझ्या हातून ओढून घेतलं आणि त्याला उलटंसुलटं करून पाहू लागली, जणू कुठून गळतंय की काय! जावई काटा उचलून त्याच्याखाली बघत होता. तिथं काय दीड किलो सांडलं असणार होतं?

"व्याहीबुवांना धरताच येत नाही बाळ," विहीणबाई पदर खोचल्यासारख्या बाह्या सरसावून पुढं आल्या. "द्या इकडं. मी चढते!"

त्या बाळाला घेऊन चढल्या. जावयानं वाकून वाचलं, "पंचाहत्तर."

"आता बाळ लेकीकडं द्या आणि तुमचं रिकामं वजन करू," मी म्हणालो.

विहीणबाई खाडकन उतरल्या. "माझं? चारचौघांत?"

"त्याशिवाय वजा काय करणार?"

"मी उतरले ती उतरले. माझं वजन मला ठाऊक आहे. साठ. पहिल्यापासून साठ!"

सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली असावी, कारण कुणीच कुणाकडं बघेना. शेवटी जावई फरशीकडं बघत पुटपुटला, "आई, म्हणजे बाळ पंधरा किलोचं?"

"तू गप्प बैस!"

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, विहीणबाई?" आमच्या हिनं अगदी गोड आवाजात विचारलं. मी तिला डोळ्यानं दटावलं. पाहुण्यांची वजनं अशी काढतात का? पण तेव्हाही माझ्या डोक्यात काही म्हणजे काही पेटलं नाही. काट्यावरचा माणूस मी!

आता लेक रडायला लागली. तिचं बघून बाळ रडायला लागलं. विहीणबाई म्हणाल्या, "बास झालं. दवाखान्यात दाखवायचं आणि तिथूनच मायलेकींना घेऊन मी जाणार!" पिशव्या पुन्हा उचलल्या गेल्या. बाळाचं सामान भराभरा एका गाठोड्यात बांधलं गेलं. माझ्या खांद्यावरचा तो लहानसा पंचा, ज्यावर डोकं ठेवून ती झोपायची, तोही त्यात गेला. मी देवाला एवढंच म्हणालो, बाबा रे, तिचं दीड किलो दे, वाटलं तर माझं घे. (त्यानं ते आधीच घेतलं होतं. पण ते नंतर.)

डॉक्टरबाई तरुण, हसतमुख. त्यांच्याकडं बाळांचा खास काटा होता, पाळण्यासारखा. त्यांनी त्यावर आधी दुपटं पसरलं. एक बटण दाबलं. आकडा शून्य झाला. मग बाळ ठेवलं. आधी भांडं, मग शून्य, मग माल! एवढ्या दुःखातही मला भरून आलं.

"तीन सहाशे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी छान वाढतेय!"

"सहाशे?" विहीणबाई दचकल्या. "घरी तीन तीनशे होतं! गाडीत बसल्याबसल्या तीनशे ग्रॅम वाढली?"

"आणि गुरुवारी चार नऊशे होती!" लेक हुंदका देत म्हणाली.

"आणि तुझ्या सासूबाईंकडं पंधरा," आमची ही म्हणाली. हिला प्रसंगाचं गांभीर्य कधी कळत नाही.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. "वजन करतं कोण?"

मी पुढं झालो. सगळं सांगितलं. गोटी, चष्मा, किल्ल्या, कोरडा लंगोट. डॉक्टरबाई ऐकत ऐकत बाळाला उचलत होत्या. तेवढ्यात बाळानं दुपटं ओलं केलं. त्यांनी दुसरं दुपटं घेतलं, पसरलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"पुन्हा शून्य कशाला?" मी विचारलं. "दुपट्याचं वजन एकदा झालं ना?"

"आजोबा, एक जाड असतं, एक पातळ असतं. ओलं वेगळं, कोरडं वेगळं. दर वेळी नव्यानं शून्य करावं लागतं." मग त्या एकदम थांबल्या. "तुम्ही तुमचं स्वतःचं रिकामं वजन कधी केलं होतं?"

"काटा आणला त्या दिवशी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? मी नेहमीचीच गा..."

शब्द तिथंच तुटला. कीर्तनात टाळ एकदम थांबतात ना, तसं माझ्या डोक्यात झालं. साडेतीन. चार. चार दोनशे. चार नऊशे. डबा. नाडी!

"मधल्या दिवसांत यांचा आहार वाढला होता का?" डॉक्टरबाईंनी हिला विचारलं.

"आहार?" कधीपासून दाबून ठेवलेलं सगळं हिच्या तोंडून धबाधबा बाहेर पडलं. "डबाभर वड्या, डॉक्टरबाई! लेकीच्या नावानं आलेल्या! सकाळी, दुपारी, संध्याकाळी! आणि शुक्रवारपासून यांचं पोट असं बिघडलंय की घरात दुसऱ्या कुणाला मोरीकडं जायची सोय नव्हती!"

डॉक्टरबाईंनी हसू दाबत विहीणबाईंकडं पाहिलं. "आजी, तुमचं दीड किलो सापडलं."

"कुठं?" विहीणबाईंनी विचारलं. आणि मग त्यांनाही कळलं. जावई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता फार मन लावून वाचू लागला. त्याचे खांदे गदागदा हलत होते.

म्हणजे बाळ दर आठवड्याला बाळासारखंच वाढत होतं. वरचा सगळा माल माझा, आणि पोट बिघडल्यावर कमी पडलेले तीनशे ग्रॅमही माझेच! जन्मभर मी क्लीनर पकडले, आणि शेवटी क्लीनर निघालो तो मीच! पिठाच्या काट्यावर मोजे मोजत बसलो आणि स्वतः किलोकिलोनं मालात चढत गेलो!

मला वाटलं, आता विहीणबाई माझी सालटी काढणार. त्यांनी तोंड उघडलंही. पण डॉक्टरबाई सहज म्हणाल्या, "आणि ते पंधरा किलोचं काय म्हणालात?"

विहीणबाईंनी तोंड मिटलं.

"ते काही नाही," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "झालं गेलं! बाळ सुखरूप आहे ना? मग वजनाचा विषय आता कुणी काढायचा नाही. माझाही नाही, व्याहीबुवांचाही नाही."

"मग बाळ इकडंच राहू दे ना, आई?" जावयानं नेमका क्षण साधला. गडी कमी बोलतो, पण टायर पाहून माल ओळखणारा आहे!

विहीणबाईंनी बाळाकडं पाहिलं. ते माझ्या खांद्याच्या दिशेनं मान वळवायची धडपड करत होतं. निदान मला तसं वाटलं. त्यांनी गाठोडं सोडलं, तो लहानसा पंचा काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"राहू दे. पण डबा मी परत घेऊन जाणार!"

"दुसऱ्या डब्यात अजून चार वड्या आहेत," मी बोलून गेलो.

"अहो!" दोन्ही विहिणी एका सुरात ओरडल्या. एवढं एकमत त्यांच्यात लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

पुढच्या कीर्तनानंतर मी बुवांना गाठून सगळी कथा सांगितली. बुवा इतके हसले की वीणा खाली ठेवावी लागली. म्हणाले, "आजोबा, 'मी' वजा करा हे खरंच. पण तो एकदा वजा करून भागत नाही हो. आपण झोपलो तरी तो वाढतच असतो!" एवढी मोलाची गोष्ट बुवांनी पहिल्याच कीर्तनात सांगितली असती तर माझी केवढी अब्रू वाचली असती!

आता आमच्या घरचा काटा माळ्यावर गेलाय. डॉक्टरबाईंनी ठरवून दिलंय, दर आठवड्याला आजोबा आणि नात दोघांनीही दवाखान्यात यायचं. तिचं वजन वाढायला हवं, माझं उतरायला हवं. फोन आता आमची ही करते आणि विहीणबाई दोन्ही आकडे विचारून घेतात.

पहिला निकाल परवाच लागला. आमच्या घरातून एकटी नात पास झाली.